ताऱ्यांना डावं-उजवं नसतं

बारक्या : आता कुठे गेली?

ताई : दिसली नाही.

बारक्या : दिसली नाही म्हणजे? धूळ तर उडाली असेल की नाही?

ताई : नाही ना. आधीच्या तिन्ही गोळ्यांची धूळ दिसली, हिची नाही. चकतीच्या आजूबाजूला सगळं जसंच्या तसं आहे.

(टळटळीत दुपार. रेंजवर दुसरं कोणी नाही. भाऊ चटईवर रायफलमागे पालथा पडलेला, थोरली बहीण शेजारी खुर्चीत बसून नव्या दुर्बिणीला डोळा लावलेली. आठशे मीटरवर मातीचा बांध, त्यावर मधोमध पांढरी लोखंडी चकती. बांधाच्या पलीकडे, पायथ्याशी, आडोशाचा खंदक आहे आणि त्या खंदकात या दोघांचे वडील वॉकीटॉकी घेऊन बसलेले आहेत.)

बारक्या : ठण्ण आवाज तरी आला का?

ताई : आला असता तर विचारलं असतं का? चकतीला नाही लागली.

बारक्या : अगं पण लागायलाच हवी होती. तू म्हणालीस चार पावलं डावीकडे गेली. मी चार पावलं उजवीकडे घेतलं. हिशोब सरळ आहे.

ताई : तुझ्या रायफलवरचा स्कोप हलला असेल.

बारक्या : माझा स्कोप दगडासारखा घट्ट आहे. तूच बघ ना. पहिली एक पाऊल डावीकडे. मी दुरुस्त केलं, तर दुसरी दोन पावलं डावीकडे. ते दुरुस्त केलं, तर तिसरी चार. सुधारावं तेवढं बिघडत चाललंय. आणि वारा माझ्या डाव्या गालाला लागतोय, ताई. वारा डावीकडून आला तर तो गोळीला उजवीकडे ढकलणार. तुझ्या सगळ्या डावीकडे कशा?

ताई : मला दिसलं ते मी सांगितलं. बाबांनी शिकवलंय तसंच केलं. आधी दुर्बीण जरा अलीकडे जुळवली, उन्हाच्या लहरी कुठल्या बाजूला वाहतायत ते बघितलं. डावीकडेच वाहत होत्या. मग चकतीवर आणली.

बारक्या : गाल खोटं बोलतो म्हणजे माझा.

ताई : मग तेव्हाच का नाही बोललास?

बारक्या : कोणाची टाप आहे? बाबांचा नियम काय? 'गोळी मारणाऱ्याने तोंड मिटून मारायची. दुर्बिणीवाला म्हणेल ती पूर्व दिशा.' त्यातून आज तू पहिल्यांदा दुर्बिणीवर. मी मध्ये तोंड घातलं असतं तर घरी जाईपर्यंत तू बोलली नसतीस.

ताई : ते जाऊ दे. बाबांनाच विचारू. बाबा, ऐकताय ना? शेवटची कुठे पडली?

बारक्या : ते कसले सांगतायत! 'आज मी नुसता ऐकणार, एक अक्षर बोलणार नाही, तुमचं तुम्ही निस्तरा' असं म्हणूनच गेलेत.

ताई : म्हणून तर मी दर वेळी बटण दाबून बोलत होते, त्यांना ऐकू जावं म्हणून. बाबा, परीक्षा संपली. आम्ही नापास. बोला आता.

बारक्या : गप्प. फुगलेत.

ताई : बाबा?

बारक्या : दुर्बिणीवरून धुमसतायत अजून. दुकानात काय म्हणाले होते, आठवतं? 'आकडा मोठा म्हणजे नजर मोठी नव्हे.' आणि तू त्यांच्या तोंडावर सगळ्यात मोठा आकडा उचललास.

ताई : मला चष्मा न काढता बघता आलं पाहिजे. त्यांच्या त्या सरळ नळीत मान वाकडी होते. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या दाढांवर वाकून बसते मी, सुट्टीच्या दिवशीही मान मोडून घेऊ? हिच्यात वरून खाली बघता येतं. शिवाय विकणारा म्हणाला, चंद्रावरचे खड्डे दिसतात.

बारक्या : आपल्याला चंद्रावर गोळ्या मारायच्या होत्या ना!

ताई : बाबा, आता पुरे हं. एकदा नुसतं हूं म्हणा.

बारक्या : त्यांच्या फोनवर लाव.

ताई : लावते. वाजतोय.

बारक्या : अगं, इथेच वाजतोय. त्यांच्या पिशवीत. डब्याखाली.

ताई : फोन इथे ठेवून गेले?

बारक्या : नेहमीच ठेवतात. खंदकात फोन नेला की लक्ष उडतं म्हणे.

ताई : बारक्या, मला हे बरं वाटत नाहीये.

बारक्या : अगं, झोपले असतील. खाल्लंय मगाशी, वर गार सावली.

ताई : गोळीबार चालू असताना? इतकी वर्षं त्या खंदकात बसतायत, कधी डुलकी तरी घेतली का?

बारक्या : मग नीट विचार कर. बाबा बसतात कुठे? उजव्या टोकाला, पायऱ्यांपाशी. गोळ्या गेल्या कुठे? डावीकडे. म्हणजे त्यांच्यापासून लांब, आणखी लांब. डावीकडे तर काळं कुत्रं नाही. मग घाबरायचं कशाला?

ताई : उजव्या टोकाला बांध खचलाय ना? तेच म्हणत होते, माती टाकून घ्यायला हवी.

बारक्या : हो, पण गोळ्या डावीकडे गेल्यात, ताई.

ताई : हो. डावीकडे. बरोबर आहे.

बारक्या : मग उठून उभी का राहिलीस?

ताई : त्यांच्या छातीत दुखलं असेल तर? उन्हाने भोवळ आली असेल तर? तू जा. तू जाऊन बघ.

बारक्या : जातो. गाडीची किल्ली?

ताई : बाबांच्या खिशात.

बारक्या : उत्तम. चालत जायचं म्हणजे. हे पोट घेऊन.

ताई : थांब! आधी बोल्ट काढ.

बारक्या : काढला. हा बघ. खिशात टाकला. रायफल मोकळी, आता सुटायची नाही.

ताई : माझ्या समोर एकदा आत बघ, गोळी नाही ना?

बारक्या : नाही. बघ तू पण.

ताई : नाही. बरं. फोन चालू ठेव, कट करू नकोस. मी इथून दुर्बिणीतून बघत राहते आणि वॉकीटॉकीवर हाका मारत राहते.

बारक्या : चाललो. ऐकू येतंय?

ताई : येतंय. बाबा, बारक्या येतोय तुमच्याकडे. ऐकताय का, बाबा?

बारक्या : ताई, त्यांच्यावर ओरडू नकोस हं. नाहीतर सापडल्यावर आपल्यालाच ऐकून घ्यावं लागेल.

ताई : ओरडत नाहीये. काहीतरी बोल तू. शांतता सहन होत नाही मला.

बारक्या : काय बोलू? ऊन आहे. ढेकळं आहेत. तुझ्या लग्नातला हा बूट पुढून उघडलाय. मला वाटतं बाबा मुद्दाम करतायत. अद्दल घडवायची म्हणून.

ताई : असली अद्दल ते घडवणार नाहीत. ते रागावले तर बोलतात, गप्प नाही बसत. गप्प मी बसते.

बारक्या : ते खरं.

ताई : सापडलास तू मला दुर्बिणीत. केवढा जवळ दिसतोस! सगळा उन्हात हलतोयस, पाण्याखाली असल्यासारखा. पण तू तिकडे कुठे चाललास?

बारक्या : बांधाकडे.

ताई : बांधाकडे रे, पण डावीकडे का? पायऱ्या उजव्या टोकाला आहेत ना?

बारक्या : उजवीकडेच चाललोय.

ताई : नाही. तू डावीकडे सरकतोयस. चकतीपासून डावीकडे चाललायस. मला दिसतंय.

बारक्या : ताई, माझा जन्म गेलाय या रेंजवर. मला पायऱ्या कुठे आहेत ते सांगू नकोस.

ताई : थांब जरा. जागेवर थांब. तुझी पाठ माझ्याकडे आहे ना?

बारक्या : आहे.

ताई : एक हात वर कर.

बारक्या : केला.

ताई : कुठला केलास?

बारक्या : उजवा. का?

ताई : मला डावा दिसतोय.

बारक्या : काय?

ताई : खाली घे. आता दुसरा कर.

बारक्या : केला. हा डावा.

ताई : हा उजवा दिसतोय मला. थांब, मी दुर्बिणीवरून डोळा काढते. नुसत्या डोळ्यांनी तू ठिपक्याएवढा आहेस, पण उजवीकडे आहेस. चकतीच्या उजवीकडे. आणि दुर्बिणीत डावीकडे. बारक्या…

बारक्या : एक मिनिट, मला समजून घेऊ दे.

ताई : हिच्या आत आरसा आहे. वरून खाली बघता यावं म्हणून आत आरसा बसवलाय. आधीच्या दुकानातला तो दुकानदार म्हणाला होता रे! आपण दुसरीकडून घेतोय म्हटल्यावर हसला आणि म्हणाला, 'बाई, ती ताऱ्यांसाठी असते. ताऱ्यांना कुठलं आलंय डावं-उजवं?' मला वाटलं धंदा गेला म्हणून टोमणा मारतोय.

बारक्या : म्हणजे पहिली गोळी डावीकडे गेलीच नव्हती.

ताई : नाही. उजवीकडे गेली होती. तुझा गाल बरोबर होता. मी डावीकडे म्हणाले आणि तू आणखी उजवीकडे घेतलंस. मग ती दोन पावलं गेली. मग चार.

बारक्या : आणि शेवटची आठ.

ताई : बाबा कुठे बसतात?

बारक्या : ताई.

ताई : चकतीपासून किती पावलांवर बसतात ते?

बारक्या : तेवढ्यावरच.

ताई : पळ. बारक्या, पळ तू!

बारक्या : पळतोय.

ताई : बाबा! बाबा, बोला! बाबा, ओ द्या! एकदा नुसती ओ द्या, मी परत काही मागणार नाही. बाबा!

बारक्या : बूट गेला… राहू दे.

ताई : मी रोज आरशात बघून काम करते रे. लोकांच्या तोंडात एवढासा आरसा घालून उलट्या बाजूने दाढा कोरते. हाताला इतकी सवय झालीय की उलटं आहे हे डोक्यात येतच नाही. दुसऱ्या कोणालाही पहिल्या गोळीला संशय आला असता. मला नाही आला. बाबा, ऐका ना!

बारक्या : बोलू नकोस… दम… नाही.

ताई : तू बोलू नकोस. तू पळ. मला दिसतोयस. पोचलास. पोचलास ना? बांध संपतो तिथे आहेस.

बारक्या : पायऱ्यांपाशी आलो.

ताई : काय दिसतंय?

बारक्या : स्टूल आडवं पडलंय. पाय तुटलाय एक. नाही, तुटला नाही, उडालाय. ढलप्या पडल्यात.

ताई : बाबा?

बारक्या : स्टुलावर नाहीत. बाबा! अहो बाबा!

ताई : खाली बघ. पायऱ्यांवर बघ.

बारक्या : पायरी ओली आहे, ताई.

ताई : कशाने?

बारक्या : ओली आहे. सावलीत आहे, कळत नाही.

ताई : बारक्या, कशाने ओली आहे? हात लाव!

बारक्या : लावतो. पाणी. पाणी आहे हे. कॅन फुटलाय त्यांचा. इकडून तिकडे आरपार भोक आहे. पाणीच आहे, ताई, वास घेतला मी.

ताई : माझा धक्का लागून दुर्बीण सरकली. मी तुला बघूही शकत नाही.

बारक्या : वॉकीटॉकी इथे मातीत पडलाय. चालू आहे. तुझाच आवाज येतोय त्यातून.

ताई : म्हणजे बंद नव्हता.

बारक्या : नव्हता. मोठ्याने येतोय. खंदकभर घुमतोय.

ताई : खंदकात उतर. दुसऱ्या टोकापर्यंत जा.

बारक्या : उतरलो. मातीत ओढत नेल्यासारखं दिसतंय काहीतरी. हाताचे ठसे. गुडघ्यांचे. बाबा? बाबा, मी आहे, बारक्या. अहो, बारक्या!

ताई : रक्त आहे का?

बारक्या : थोडं. भिंतीला लागलंय. थोडंच आहे. ताई, तू रडू नकोस, मला काही ऐकू येत नाही मग.

ताई : नाही रडत.

बारक्या : सापडले.

ताई : बारक्या.

बारक्या : सापडले, ताई. अगदी टोकाला, कोपऱ्यात. मुटकुळं करून बसलेत.

ताई : आहेत ना?

बारक्या : आहेत. डोळे उघडे आहेत. माझ्याकडे बघतायत. बाबा, उठा, या, धरा मला. ताई, हे हात पुढे करत नाहीयेत.

ताई : कुठे लागलंय?

बारक्या : कोपर सोललंय. बाकी काही दिसत नाही. छाती बरी आहे, पोट बरं आहे. डोक्यात नुसती माती आहे. पण अंग असं थरथरतंय… मी बाबांना असं कधी बघितलं नाही, ताई. माझ्या खिशाकडे बघतायत. काय हवंय, बाबा? हा? हा बोल्ट आहे रायफलचा. हा बघा, मी काढून आणलाय. घ्या, तुमच्या हातात घ्या.

ताई : फोन त्यांना दे.

बारक्या : बाबा, ताई आहे फोनवर. बोलता का? घ्या. अहो, फोनच आहे तो.

ताई : बाबा?

बारक्या : घेत नाहीयेत. तुझा आवाज आला तर मान फिरवली त्यांनी.

ताई : त्यांच्या कानाशी धर. बाबा, मी आहे. मीच आहे.

बाबा : रायफल कुठे आहे?

ताई : इथे, चटईवर. मोकळी आहे. बोल्ट तुमच्या हातात आहे.

बाबा : तिथे आणखी कोणी?

ताई : कोणी नाही. मी एकटी. बाबा, तुम्हाला लागलं का कुठे? खरं सांगा.

बाबा : पडलो. सरपटलो. कोपर सोललं.

ताई : बाबा, ती दुर्बीण उलटं दाखवते. डाव्याचं उजवं करते. मला आत्ता कळलं.

बाबा : मला दुसऱ्या गोळीलाच कळलं. तू डावीकडे म्हणालीस आणि माती माझ्या बाजूला उडाली.

ताई : मग तेव्हाच का नाही बोललात? नियम गेला चुलीत!

बाबा : म्हटलं, बारक्याला गालाला वारा कळेल. तो थांबेल. आणि मीच सकाळी सांगितलेलं, बोलणार नाही म्हणून. म्हातारपणी हेका येतो माणसाला. मग तिसरी आली. ती इतकी जवळ की तोंडात माती गेली. वॉकीटॉकी हातातून पडला. उचलायला वाकणार, तर त्यातून तू बोललीस.

ताई : मी म्हणाले, चार पावलं डावीकडे.

बाबा : चार पावलं डावीकडे. इतकी वर्षं हाच धंदा केलाय, पुढची कुठे पडणार ते मला न कळेल होय? स्टुलावर. तसाच उठलो आणि पळालो.

बारक्या : बाबा, थोडं पाणी आणतो मी वरून.

बाबा : जाऊ नकोस. इथेच बस. माझ्याजवळ बस.

ताई : बाबा, मला वाटलं मी तुम्हाला मारलं. इथे बसून, खुर्चीत बसून, नुसतं बोलून मारलं. किती हाका मारल्या मी. घसा बसला.

बाबा : ऐकत होतो.

ताई : सगळ्या ऐकल्यात?

बाबा : सगळ्या.

ताई : मग एकदा तरी ओ द्यायची, बाबा. वॉकीटॉकी तिथेच होता. थोडं मागे सरपटला असतात तर हाताला लागला असता. मी इथे किती मेले, तुम्हाला कल्पना नाही.

बाबा : यायचं होतं गं.

ताई : मग?

बाबा : तुझा आवाज आला की मागोमाग गोळी यायची. तू 'बाबा' म्हणालीस की मी आणखी आत सरकायचो.